बहुगुणित पिकांतले हॅप्लोटाइप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चा प्रकल्प करणारी मुलं, बियाण्यांच्या कंपन्यांतली तरुण मंडळी आणि अधूनमधून नुसत्या कुतूहलाने विचारणारे लोक, यांच्याकडून मुंबईत बसून मला वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात. आधी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचे. आता हेच पुढे पाठवते. प्रश्न शक्यतो विचारले तसेच ठेवलेत. सोपे आधी, नाठाळ नंतर.

१. जीनोटाइप हातात आहे, मग हॅप्लोटाइप वेगळा कशाला शोधायचा?

डीएनए-चिपवरून किंवा सिक्वेन्सिंगमधून (डीएनए वाचण्यातून) येतो तो जीनोटाइप. एका जागी डीएनएची कोणती अक्षरं आहेत, एवढंच तो सांगतो. ती अक्षरं कुठल्या गुणसूत्रावर बसली आहेत, हे त्यात नसतं. एकाच गुणसूत्रावर ओळीने बसलेली, म्हणून बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जाणारी अक्षरांची माळ म्हणजे हॅप्लोटाइप.

चर्चगेटहून चार लोकल सुटल्या असं समजा. प्रत्येक स्टेशनवर तुमचा एक माणूस उभा आहे, पण त्याला फक्त 'चारांतल्या किती थांबल्या' एवढंच मोजता येतं. दादर चार, माटुंगा रोड दोन, माहीम दोन, वांद्रे चार. माटुंगा रोडला थांबलेल्या दोन आणि माहीमला थांबलेल्या दोन त्याच का? मुंबईकर म्हणेल, हा काय प्रश्न झाला, त्या स्लो असणार. पण ते त्याला वेळापत्रक ठाऊक आहे म्हणून. नुसत्या आकड्यांवरून ते ठरत नाही. स्टेशनवरचे आकडे म्हणजे जीनोटाइप, आणि एकेका गाडीच्या थांब्यांची यादी म्हणजे हॅप्लोटाइप. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

पैदासकाराला हे कशाला हवं? बटाट्यात करप्याला रोखणारं अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) आणि कंदाचा आकार बिघडवणारं अ‍ॅलील एकाच गुणसूत्रावर असतील तर ते जोडीनेच संततीत येतील. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर एक ठेवून दुसरं टाकता येतं. जीनोटाइप दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

२. बहुगुणित पिकं म्हणजे काहीतरी दुर्मिळ प्रकार आहे का?

प्रत्येक गुणसूत्राच्या दोनांहून जास्त प्रती असतात ते पीक बहुगुणित. वडापाव खाता ना? पावातला गहू षट्गुणित (४२ गुणसूत्रं), आतला बटाटा चतुर्गुणित (४८), आणि चटणीत शेंगदाणे असतील तर तेही चतुर्गुणित (४०). बेसन आणि लसूण तेवढे द्विगुणित. रताळं षट्गुणित (९०), महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी अष्टगुणित (५६). अमेरिकन कापूस चतुर्गुणित (५२), देशी कापूस द्विगुणित (२६). केळी आणि ऊस हे वेगळंच प्रकरण आहे, त्यांच्यासाठी प्रश्न १२ आणि १३.

३. गुणसूत्रं दोनाची चार झाली, म्हणजे काम दुप्पट. एवढा बाऊ का?

दुप्पट नाही हो. द्विगुणितात सलग १० हेटरोझायगस जागा (जिथे गुणसूत्रांवरची अक्षरं वेगवेगळी असतात) असतील तर त्यांच्या मांडणीच्या ५१२ शक्यता असतात. चतुर्गुणितात प्रत्येक जागी दोन गुणसूत्रांवर एक अक्षर आणि दोनांवर दुसरं असेल, तर दोन जागांच्या ३ शक्यता होतात, तीन जागांच्या १२, चारांच्या ६०, आणि १० जागांच्या २५,१९,८०८. गुणसूत्रांना नावं नसतात म्हणून सारख्या मांडण्या एकदाच मोजून आलेला हा आकडा आहे. षट्गुणिताचा हिशेब तुम्हीच करून पाहा, वहीचं पान पुरणार नाही.

दुसरी अडचण जास्त छळते. द्विगुणितात एक हॅप्लोटाइप कळला की उरलेला आपोआप कळतो. चतुर्गुणितात एक कळला तरी तीन गुणसूत्रांचा गुंता तसाच राहतो.

४. डोस म्हणजे काय? मी सगळ्या मधल्या जीनोटाइपना 'हेट' असा एकच कोड दिलाय. चालेल ना?

नाही चालणार, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक इथूनच सुरू होतात.

एखादं अक्षर किती गुणसूत्रांवर आहे, तो त्याचा डोस. चतुर्गुणितात पाच वर्ग होतात: शून्य प्रती म्हणजे नलिप्लेक्स, एक म्हणजे सिम्प्लेक्स, दोन डुप्लेक्स, तीन ट्रिप्लेक्स, चार क्वाड्रिप्लेक्स. मधल्या तिघांना 'हेट' म्हणून एकाच पोत्यात भरलं की दोन शेजारच्या जागांच्या मांडणीच्या एकूण १९ शक्यता उरतात. डोस माहीत असेल तर २ किंवा फार तर ३. फेजिंगचा, म्हणजे कोणतं अक्षर कुठल्या गुणसूत्रावर हे ठरवण्याचा, प्रोग्राम सुरू करण्याआधीच तुम्ही त्याच्या हातातला कंदील विझवलेला असतो.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगते. रीडवरून जीनोटाइप काढणाऱ्या जीएटीके या प्रोग्रामच्या हॅप्लोटाइप-कॉलरमध्ये प्लॉइडी (प्रत्येक गुणसूत्राच्या प्रती किती) वेगळी सांगितली नाही तर तो २ धरतो. मी बटाट्याच्या डेटावर तो तसाच चालवला. कुठेही एरर नाही, जीनोटाइपची सुंदर व्हीसीएफ फाइल, सगळीकडे शून्य-एक. त्यावरून मार्करांचा, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या जागांचा, नकाशा बांधायला घेतला आणि तो काही केल्या जुळेना. दोष मी आठवडाभर मार्करांच्या माथी मारत होते. तेव्हापासून फाइल उघडली की आधी एकेका नमुन्याच्या जीनोटाइपमध्ये किती अक्षरं आहेत ते मोजते. चतुर्गुणितात ती चार हवीत.

५. रीड डेप्थ किती पुरेल? आमच्याकडे सरासरी १० आहे.

रीड म्हणजे सिक्वेन्सिंगमधून वाचून आलेला डीएनएचा तुकडा, आणि डेप्थ म्हणजे एका जागी अशा किती रीड आल्या तो आकडा. हिशेब करूनच बघू. एका जागी १० रीड आल्या, त्यांतल्या ४ मध्ये पर्यायी अक्षर आहे. सिम्प्लेक्स असताना असं घडण्याची शक्यता सुमारे ०.१५, डुप्लेक्स असताना सुमारे ०.२१. यावरून कुणी छातीठोकपणे 'डुप्लेक्स' म्हणत असेल तर त्याच्या छातीचं कौतुक करावं, निष्कर्षाचं नको. हेच प्रमाण ६० रीडमध्ये आलं, म्हणजे ६० पैकी २४, तर डुप्लेक्सचं पारडं साडेसात पटीहून जड होतं. बटाट्यावरच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात चतुर्गुणितासाठी ६० ते ८० डेप्थ सुचवली होती. वरचा हिशेब पाहिला की ती उधळपट्टी वाटत नाही.

अक्षर मुळात दिसेलच याचीही खात्री नसते. १० रीडमध्ये एकाच प्रतीतलं अक्षर अजिबात न दिसण्याची शक्यता चतुर्गुणितात सुमारे ६ टक्के, षट्गुणितात १६, अष्टगुणितात २६. आणि हे सगळं रीड निष्पक्ष पडतात असं धरून. प्रत्यक्षात एका अक्षराच्या रीड जास्त येतात आणि फैलावही गणितापेक्षा मोठा असतो. अपडॉग हे आरमधलं पॅकेज हा कल आणि हा फैलाव दोन्ही हिशेबात धरतं, म्हणून मी आधी तेच सुचवते. चिपचा डेटा असेल तर फिटपॉली.

डेप्थ वाढवायला पैसे नसतील तर निदान डोसचा एकच आकडा पुढे पाठवू नका. पाचही वर्गांच्या संभाव्यता पाठवा. मॅपपॉलीसारखे प्रोग्राम त्या घेऊ शकतात.

६. बीगल वापरून फेज केलं तर? सगळे तेच वापरतात.

ते सगळे द्विगुणितांवर काम करतात. बीगल हे फेजिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक व्यक्तीत दोनच हॅप्लोटाइप आहेत असं धरून चालतं. बटाटा, रताळं, ऊस यांच्यासाठी ते नाही. शेंगदाणा, गहू, कापूस यांना ते काही अटींवर चालतं. त्या अटी पुढच्या उत्तरात.

७. माझं पीक ऑटोपॉलिप्लॉइड की अ‍ॅलोपॉलिप्लॉइड, याने नेमका काय फरक पडतो?

जोड्या कशा जमतात, त्याचा. ऑटोमध्ये, उदाहरणार्थ बटाट्यात, चारही गुणसूत्रं एकाच घराण्यातली असतात आणि अर्धसूत्री विभाजनात कुणीही कुणाशीही जोडी करू शकतं. अ‍ॅलोमध्ये दोन किंवा जास्त वेगळ्या प्रजातींचे जीनोम (सबजीनोम) एकत्र नांदतात, पण जोडी आपापल्या घराण्यातच होते. गव्हात ही शिस्त ५बी गुणसूत्रावरचा पीएच१ हा जनुक राखतो. १९५८ पासून हे माहीत आहे.

शेंगदाणा अ‍ॅलो आहे. अ‍ॅरॅकिस ड्युरॅनेन्सिस आणि अ‍ॅरॅकिस इपेएन्सिस हे त्याचे दोन पूर्वज. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेल्या टीएजी-२४ सारख्या वाणावर काम करत असाल तर ए आणि बी सबजीनोम वेगळे करा. त्यानंतर प्रत्येकाला द्विगुणितासारखं वागवता येतं. पण वेगळे करणं हेच खरं काम आहे. दोन सबजीनोम दिसायला इतके सारखे असतात की एकाच्या रीड दुसऱ्यावर जाऊन बसतात आणि खोटे हेट तयार होतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे एखादी जागा सगळ्याच्या सगळ्या नमुन्यांत हेट दिसणं. शेंगदाणा स्वपरागित आहे, तिथे असं होणं शक्यच नाही. ते मार्कर नव्हे, ए आणि बीमधला जुना फरक आहे. काढून टाका.

पिकाबद्दल खात्री नसेल तर संततीला विचारा. डुप्लेक्स आणि नलिप्लेक्स यांचा संकर करा. ऑटोमध्ये संतती (दोन, एक आणि शून्य प्रतींची) १:४:१ फुटते. अ‍ॅलोमध्ये दोन प्रती एकाच सबजीनोममध्ये असतील तर संतती फुटतच नाही, सगळी सिम्प्लेक्स. एकेक प्रत दोन्हीकडे असेल तर १:२:१. काही पिकं मधल्या वाटेवर चालतात: जोडी बहुतेकदा घरात, कधीकधी शेजारी. तिथे दोन्ही मॉडेल थोडी थोडी चुकतात आणि गुणसूत्रागणिक वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

८. दोन पालक आणि त्यांची संतती आहे. यावरून फेज कसा निघतो?

हा सगळ्यांत भरवशाचा रस्ता. चतुर्गुणित पालकाच्या चार गुणसूत्रांतली दोन युग्मकात जातात, म्हणजे ६ प्रकारची युग्मकं. दोन्ही पालक मिळून संततीचे ३६ प्रकार. दोन अक्षरं एकाच गुणसूत्रावर असतील (कपलिंग) तर ती संततीत एकत्र फिरताना दिसतात.

गंमत रिपल्शनमध्ये आहे, म्हणजे दोन सिम्प्लेक्स अक्षरं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतात तेव्हा. द्विगुणितात अगदी चिकटून असलेली अशी अक्षरं एकमेकांना पूर्ण टाळतात, दोन्ही एकत्र आलेलं पोर सापडत नाही. चतुर्गुणितात तसं होत नाही. ६ पैकी एका युग्मकात दोन्ही गुणसूत्रं सोबत जातात, एकात दोन्ही वगळली जातात, उरलेल्या चारांत एकेक. म्हणजे अंतर शून्य असूनही एक तृतीयांश संतती 'पुनर्संयोजित' (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली) भासते. काहीच संबंध नसता तर हा आकडा एक द्वितीयांश असता. तुम्हाला ओळखायचाय तो फरक ०.३३ आणि ०.५० मधला. ५० रोपांत या प्रमाणाची प्रमाणत्रुटीच ०.०७ च्या घरात असते, आणि तुम्ही हजारो जोड्या तपासत असता, तेव्हा योगायोगाने असे फरक भरपूर सापडतील. २०० रोपं असतील तर त्रुटी निम्मी होते आणि चित्र बरंच स्वच्छ दिसतं. मार्करांवर खर्च करायचा की रोपांवर, असं विचारलंत तर मी दर वेळी रोपं म्हणते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी सिम्प्लेक्स-नलिप्लेक्स मार्कर (१:१ फुटणारे) घेऊन प्रत्येक गुणसूत्राचा सांगाडा बांधा. मग डुप्लेक्स मार्कर त्याला जोडा, कारण एक डुप्लेक्स मार्कर दोन सांगाड्यांना एकत्र आणतो. पॉलीमॅपआर जवळपास असंच करतं. मॅपपॉली एकाच वेळी अनेक मार्कर पाहून हिडन मार्कोव्ह मॉडेलने फेज काढतं, त्यामुळे त्याला वेळ लागतो. चतुर्गुणितांचे अनेक पालक एकमेकांत संकरित केले असतील तर पॉलीओरिजिन बघा.

९. संतती नाही, एकच झाड आहे, पण लांब रीड आहेत. जमेल का?

जमेल, तुकड्यांत. प्रश्न १ मधल्या लोकल आठवा. रीड म्हणजे प्रवासी. माटुंगा रोडला चढून माहीमला उतरलेला प्रवासी भेटला, की एकच गाडी दोन्हीकडे थांबली हे सिद्ध झालं. १५० अक्षरांची छोटी रीड म्हणजे एका स्टेशनचा प्रवासी, १५-२० हजार अक्षरांची हायफाय रीड म्हणजे थेट अंधेरीला जाणारा.

पण दोन गाड्या लांबवर सारखंच थांबे घेत गेल्या, तर त्यांतले प्रवासी वेगळे ओळखायचे कसे? बहुगुणितात हे सतत होतं. चारांतली दोन गुणसूत्रं एखाद्या पट्ट्यात हुबेहूब सारखी असतात. द्विगुणितासाठी बनलेला 'कमीत कमी चुका दुरुस्त करा' हा निकष इथे फसतो. तो सारख्या दोन गुणसूत्रांना एकात मिसळून मोकळा झालेला चौथा हॅप्लोटाइप रीडमधल्या चुका सामावायला वापरतो. गुण चांगले मिळतात, उत्तर चुकीचं असतं. व्हॉट्सहॅपमधला पॉलिफेज (२०२०) असे सारखे पट्टे ओळखतो आणि खात्री नसेल तिथे माळ तोडतो. जुन्यांपैकी हॅपट्री, एच-पॉप अजून वापरात आहेत.

पूर्ण लांबीचे चारही हॅप्लोटाइप हवेतच तर आणखी काही जोड लागते. ओटावा या बटाट्याचा जीनोम २०२२ मध्ये तसा उलगडला, तोही परागकणांचं एकेकटं सिक्वेन्सिंग सोबत घेऊन. म्हणजे शेवटी संततीच, फक्त पेरणी न करता.

१०. संतती नाही, रीडही नाहीत. चिपवर तपासलेले शंभर वाण आहेत, नात्यागोत्याचे नाहीत.

मग वेळापत्रकाच्या अंदाजावर भागवावं लागेल. लोकसंख्येत कोणते हॅप्लोटाइप वारंवार येतात हे धरून बाकीच्यांचा अर्थ लावायचा. द्विगुणितात १९९० साली क्लार्कने सुचवलेली युक्ती होती: होमोझायगस (सगळ्या प्रती सारख्या असलेल्या) व्यक्तींपासून सुरुवात करा, कारण त्यांचा हॅप्लोटाइप उघड असतो. २० टक्के वारंवारतेचा हॅप्लोटाइप द्विगुणितात १०० पैकी ४ व्यक्तींत असा उघडा सापडतो. चतुर्गुणितात १०,००० पैकी १६. तुमच्या शंभरांत बहुधा एकही नाही.

पॉलीहॅप आणि सॅटलोटायपर (दोन्ही २००८) हे बहुगुणितांसाठीच लिहिले गेले, आणि थोड्या, जवळजवळच्या मार्करांवर ते उपयोगी आहेत. एका जनुकाच्या आतले पाच-सात मार्कर असतील तर जरूर करा. अख्ख्या गुणसूत्रावर करू नका.

११. सिम्प्लेक्स × नलिप्लेक्स संकरात एक पोर डुप्लेक्स निघालं. असं कसं? बाहेरचा पराग आला का?

बाहेरचा पराग असता तर ते रोप सगळीकडेच विसंगत दिसलं असतं, ते आधी तपासा. तसं नसेल तर बहुधा डबल रिडक्शन. ऑटोमध्ये चार गुणसूत्रं एकत्र गुंतली आणि योग्य जागी क्रॉसिंग ओव्हर झालं, की एकाच गुणसूत्राच्या दोन भगिनी प्रती एका युग्मकात पोचू शकतात. चतुर्गुणितात याची सैद्धांतिक कमाल मर्यादा एक षष्ठांश. सेंट्रोमिअरपाशी (गुणसूत्राच्या दोन भुजांच्या सांध्याशी) ते जवळपास शून्य, टोकाकडे वाढत जातं.

खरं डबल रिडक्शन की डोस मोजण्यातली चूक, हे शेजाऱ्यांवरून कळतं. त्याच गुणसूत्रावरचे टोकाकडचे मार्करही दुप्पट झालेले दिसत असतील तर खरं. मध्येच एकटा मार्कर उसळला असेल तर प्रश्न ५ कडे परत जा.

१२. वसईच्या केळ्यांवर काम करतेय. संकर होत नाही, मग नकाशा कसा?

ज्या केळ्यांची सुकेळी बनते ती राजेळी एएबी, बाजारातली ग्रँड नैन एएए (ए आणि बी म्हणजे केळ्याच्या दोन रानटी पूर्वजांचे जीनोम). दोन्ही त्रिगुणित, ३३ गुणसूत्रं, जवळपास वांझ. प्रश्न ८ चा रस्ता बंद. प्रश्न ९ चाच उरतो, पण एएबीमध्ये बी वेगळा असल्याने त्याच्या रीड बऱ्यापैकी सहज वेगळ्या निघतात. मग दोन एमधलं भांडण उरतं, ते द्विगुणितासारखं सोडवा. मात्र काही वाणांत ए आणि बीच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा एखाद्या पट्ट्यात २:१ ऐवजी ३:० किंवा १:२ दिसलं तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. आपली वेलची केळी एबी, म्हणजे द्विगुणित. सरावाला तीच घ्या.

१३. आणि ऊस?

उसात 'प्लॉइडी किती' हा प्रश्नच नीट लागू होत नाही. आजचे वाण गोड सॅकॅरम ऑफिसिनेरम आणि रानटी सॅकॅरम स्पॉन्टेनियम यांच्या संकरातून, मग पुन्हा गोड उसाकडे वळवून तयार झाले. कोईमतूरचा को २०५ हा आपल्याकडचा सुरुवातीचा वाण, महाराष्ट्रात शेतोशेत दिसणारा को ८६०३२ त्याच परंपरेतला. एकूण गुणसूत्रं १०० ते १३०, आणि एका गटात जितकी तितकीच दुसऱ्यात असतील असं नाही. 'प्लॉइडी = ८' असं लिहून प्रोग्राम चालवणं म्हणजे प्रत्येक चाळीत आठच बिऱ्हाडं असतात असं धरणं.

म्हणून बरीच वर्षं लोक फक्त एक-प्रतीचे मार्कर घेत आले: संकरात १:१, स्वफलनात ३:१. प्लॉइडी कितीही असो, एका प्रतीचं गणित तेच राहतं. माहिती कमी, पण खोटी नाही. आर५७० या वाणाचा जीनोम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून निदान रीड कुठे बसवायच्या याला आधार मिळालाय.

१४. आलेला फेज बरोबर आहे हे कसं तपासू?

आधी खोटा डेटा बनवा. पेडिग्रीसिमसारख्या प्रोग्रामने खरं उत्तर माहीत असलेली संतती तयार करा, तिच्यावर तुमच्या डेप्थइतक्याच रीड पाडा, आणि तुमचीच पद्धत चालवा. तिथे जमत नसेल तर खऱ्या डेटावर जमणार नाही. चुका मोजताना स्विच एरर (माळ एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर कितीदा उडी मारते) आणि चुकीच्या बसलेल्या अक्षरांचं प्रमाण दोन्ही द्या. मधोमध एकच उडी असेल तर पहिला आकडा सुरेख दिसतो आणि दुसरा भयंकर.

१५. तोच डेटा दोनदा चालवला. पहिल्यांदा हॅप्लोटाइप १ होता तो आता ३ झालाय!

घाबरू नका. क्रमांकांना अर्थ नाही, प्रोग्राम ते मनाला येईल तसे देतो. दोन निकालांची तुलना करण्याआधी माळा जुळवून घ्या. एका ब्लॉकमधला (माळेच्या सलग, न तुटलेल्या तुकड्यातला) १ आणि पुढच्या ब्लॉकमधला १ हेही एकच गुणसूत्र असेल असं नाही.

१६. मॅडम, गाइडना चारही हॅप्लोटाइप पूर्ण लांबीचे हवेत, मध्ये एकही रिकामी जागा नको म्हणतात. काय करू?

ब्लॉक जिथे तुटलेत तिथे तुटलेलेच ठेवा आणि प्रत्येक ब्लॉकसमोर त्याची संभाव्यता लिहा. रिकामी जागा भरायचा आग्रह झालाच तर वाद घालू नका. प्रश्न ५ मधला १० पैकी ४ रीडचा हिशेब कागदावर मांडा, ०.१५ आणि ०.२१ हे दोन आकडे शेजारी लिहा, आणि त्यांनाच विचारा की यातलं कोणतं भरू.